अण्णांचं मानपत्र

मानपत्रात लिहिलेलं कुणी खरं मानत नाही, अशी माझी समजूत होती. तुम्हीही ऐकली असतील मानपत्रं. शाल झाली, नारळ झाला, की एखादा मास्तर घसा खाकरून वाचायला लागतो: आपण दातृत्वाचे महामेरू, आपण ज्ञानाची गंगा दारोदारी नेणारे भगीरथ. ऐकणाऱ्यांचं अर्धं लक्ष स्वयंपाकाच्या वासाकडे असतं. ज्याचा सत्कार तो मान खाली घालून लाजल्यासारखं करतो, फोटो निघतो आणि विषय संपतो. खाजगी संस्थेत मराठीच्या नाहीतर इतिहासाच्या मास्तराच्या मागे हे काम न सांगताच लागलेलं असतं.

मी अश्वजित सोनकांबळे. लातूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. लागलो तो तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मी प्राध्यापक, तास नसला तर कुणीच नाही. अकरा वर्षांपूर्वी लागलो, त्याच वर्षी आमच्या संस्थेचे अध्यक्ष शेषेराव अण्णा साठीचे झाले. अण्णा माझ्याच गावचे, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या तळेबोरगावचे. सातवी शिकलेले, शंभर एकरांचे धनी आणि बोलायला गोड. विभागप्रमुख रामलिंग सरांनी मला बोलावून सांगितलं, "मानपत्र तू लिही. गाववाला आहेस. जरा इतिहास-बितिहास घाल त्यात."

घातला. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बरेच अभ्यासक मानतात. इथपर्यंत सगळं ठीक होतं, पण पुढं हात सुटला. आमच्या गावच्या गायरानात, बुजलेल्या जुन्या तळ्याच्या काठी एक लिहिलेला धोंडा आहे. जुन्या कानडी लिपीतल्या चौदा ओळी. तोवर मी त्या वाचलेल्याही नव्हत्या. तरी मी लिहिलं, की ज्या कुळाला राष्ट्रकूट सम्राटांनी तळेबोरगावची भूमी दिली आणि ज्याची साक्ष तो शिलालेख आजही देतो, त्या थोर कुळाचे आपण वंशज आहात. वाक्य लयीत आलं होतं. माझं मलाच आवडलं होतं, हेही कबूल करतो.

वाचून झालं, टाळ्या झाल्या. अण्णांनी मान खाली घातली नव्हती. ते सरळ माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. खाली उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, हे खरं हाय?"

तेव्हा नाही म्हणायला काही लागत नव्हतं. हसून "अण्णा, मानपत्रात असंच लिहितात" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "शिलालेखच तसा आहे, अण्णा."

मानपत्र गौरवग्रंथात छापून आलं, खाली माझं नाव आणि "इतिहास विभाग". अण्णांच्या दारातल्या कमानीवर गरुड बसला, कारण राष्ट्रकूटांच्या मुद्रेवर गरुड असतो हे मीच सांगितलं होतं. नातवाचं नाव अमोघवर्ष ठेवलं. बालवाडीतल्या बाईंनी त्याचा अमू केला, तर अण्णा स्वतः जाऊन बाईंना पूर्ण नाव घ्यायला शिकवून आले. महिन्यातून एकदा तरी मला केबिनमध्ये बोलावणं यायचं. "सर, दंतिदुर्गाचं सांगा." मी सांगायचो. चालुक्यांचा मांडलिक कसा होता, धन्याचंच राज्य त्यानं कसं घेतलं. मग त्याचा चुलता कृष्ण, ज्यानं वेरूळचा डोंगर वरून खाली कोरून कैलास काढला. मग ध्रुव, तिसरा गोविंद, अमोघवर्ष. अशी सव्वादोनशे वर्षं, आणि नऊशे त्र्याहत्तर साली सगळं खलास. हे शेवटचं ऐकताना अण्णांचा चेहरा दरवेळी घरातलं कुणी गेल्यासारखा व्हायचा.

एक गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही. या राष्ट्रकूट घराण्याचं मूळ कुठलं, हे कुणालाच ठाम सांगता येत नाही. कुणी लातूर म्हणतं, कुणी खाली कर्नाटकात नेतं. सुरुवातीच्या राजांच्या ताम्रपटांत मोठ्या वंशाचा दावा नाही. राज्य पसरलं, पदरी कवी आले, आणि शंभरेक वर्षांनी ताम्रपटात यदुवंश आला. आधी राज्य मिळालं, पूर्वज मागाहून मिळाले. तो मजकूर रचणाऱ्या कवीवर मी वर्गात तोंडसुख घ्यायचो. मग एक दिवस लक्षात आलं की तो आपल्याच खात्यातला माणूस होता. फरक एवढाच, की त्याची नेमणूक बहुधा कायम असावी.

मानपत्रानंतर दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, मी त्या धोंड्याचा ठसा घेतला. काथ्यानं घासून दगड धुतला, ओला कागद त्यावर पसरला, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवला आणि सुकत आल्यावर शाईचा बोळा फिरवला. दगड काळा उमटला आणि अक्षरं पांढरी. माझी माय, कोंडाबाई, शेजारी हरभरा पेरत होती. तळ्याच्या पूर्वेचं ते गायरान आमच्या वस्तीतली तेरा घरं चाळीस वर्षांपासून कसतात. मायचे दोन एकर धोंड्याला लागूनच आहेत. सातबारा सरकारचा, पण दगडगोटे वेचून जमीन केली ती या लोकांनी.

लेख वाचायला मला चार महिने लागले. त्यात कुठल्याही कुळाला काही दिलेलं नव्हतं. अमोघवर्षाच्या राज्यात, इथल्या एका अधिकाऱ्यानं तळ्याच्या पूर्वेची जमीन तळं खोदणाऱ्यांना आणि दर साली त्यातला गाळ काढणाऱ्यांना दिली होती. सगळे कर माफ, चंद्रसूर्य असेपर्यंत. नाव एकाचंही नाही. खोदणारे बाया आणि पुरुष, एवढंच लिहिलेलं.

असा लेख हाती लागायला अभ्यासक जन्म घालवतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी निबंध लिहिला, पाकिटात घातला, पाकिटावर एका संशोधन त्रैमासिकाचा पत्ता घातला आणि रामलिंग सरांना दाखवला. सर माणूस चांगला. वाचून म्हणाले, "काम एक नंबर आहे. पण अण्णांच्या मानपत्राचं काय करतोस? विद्यापीठाचं अप्रूव्हल येऊ दे, कायम हो, मग खुशाल छाप." पटलं. त्या वर्षी अप्रूव्हल आलं नाही, पुढच्या वर्षीही आलं नाही. पाकीट गावाकडच्या घरी, ट्रंकेत पडून राहिलं. नऊ वर्षं.

यंदा फेब्रुवारीत अण्णांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नकाशा पसरला होता. "राष्ट्रकूट वारसा भवन," अण्णा म्हणाले. "धोंडा मधी, भोवती बाग, समोर हॉल. जागा आपलीच हाय म्हणा, पूर्वजांची. पण आता गायरान म्हणून लागलंय, तर कायद्यानं मागून घ्यायची." अर्जाला गौरवग्रंथातलं पान जोडलेलं होतं, आणि तज्ज्ञ म्हणून माझं नाव, खाली सहीची जागा मोकळी.

"तिथं लोक कसतात, अण्णा," मी म्हणालो.

"ठावं हाय की. तुमची मायबी हाय. त्यांला बागंत काम देऊ, उपाशी ठेवू व्हय कुणाला?" मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अन् तुमची फाइल मी सोता पुढं सरकवायलो. यंदा होतंय तुमचं."

ती धमकी नव्हती. अण्णांना धमकी द्यायची गरजच वाटत नव्हती. त्यांच्या मनात आम्ही दोघं एका बाजूचे होतो, आणि ती बाजू मीच अकरा वर्षं बांधत आलो होतो. सही केली तर मायची जमीन जाणार, नाही केली तर नोकरी. दोन्ही दारांना बाहेरून कडी लावणारा मीच होतो, त्यामुळे ओरडायचं तरी कुणाच्या नावानं?

गावात तेरा घरांची बैठक विहारात बसली. व्यंकटी काका आमच्यातले जाणते. त्यांनी सरळच विचारलं, "धोंड्यावर काय हाय मग?"

मी सांगितलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. काका म्हणाले, "झालं तर मग. सभेत सांग, तळं खांदणारे ते आमचेच लोक. आमी त्यांचे वारस."

"ते मला माहीत नाही, काका. हजार वर्षांत कोण कुठं गेलं, कोण आलं, लेखात त्याचं काही नाही."

"अण्णाचं माहीत होतं का तुला?"

मी ठशाचा कागद गुंडाळायला लागलो.

"त्याच्यासाठी लिव्हताना पुरावा लागला न्हाई," काका म्हणाले. "आमच्यासाठीच शास्त्र आडवं यायलंय तुझं."

रागावून बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. उठताना माय एवढंच म्हणाली, "तू कुणाच्या बाजूनं सांगू नको. धोंड्यावर हाय तेवढं सांग."

ग्रामसभा एक मेला होती. झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली. दोन पंखे गरम वारा खाली ढकलत होते. तहसीलकडून मंडळ अधिकारी उज्वला मॅडम आल्या होत्या, चाळिशीच्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. समोर अण्णा, पांढऱ्या टोपीत. मागे भिंतीला टेकून आमची माणसं, त्यात माय.

मॅडमनी मला उभं केलं. "सर, हे मानपत्र तुमचंच ना?"

"हो. आणि ते खोटं आहे."

मी आता थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून बोलत सुटलो. म्हणालो, की ते लिहिलं तेव्हा मी लेख वाचलाही नव्हता. नोकरी नवी होती, अण्णांना बरं वाटावं म्हणून लिहिलं. लेखात कुठलंही कुळ नाही. जमीन तळं खोदणाऱ्यांना आणि गाळ काढणाऱ्यांना दिलेली आहे. ते कोण होते, आज त्यांचे वारस कोण, ते लेखात नाही आणि मीही सांगणार नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मायकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती.

मॅडमनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "हा लेख तुमच्याशिवाय आणखी कुणी वाचलाय?"

"नाही."

"इथं कुणाला वाचता येईल?"

"नाही. जुनी लिपी आहे."

"गायरानात तुमच्या आईची जमीन आहे, बरोबर?"

"दोन एकर."

"मग बघा सर, मी काय समजायचं?" मॅडमचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्हीच म्हणता, नोकरीसाठी एकदा खोटं लिहिलं. आज आईसाठी खरं बोलताय, हे कशावरून? हा वाद सुरू व्हायच्या आधी हे वाचन कुठं छापलंय? एखादं मासिक, वर्तमानपत्र, काहीही चालेल. तारीख असली की पुरे."

सकाळीच ट्रंकेतून काढलेलं पाकीट माझ्या पिशवीत होतं. त्याच्यावर ना तिकीट, ना शिक्का. काढून दाखवलं असतं तर काल रात्री लिहिलेलं म्हणून कुणीही म्हणालं असतं, आणि तसं म्हणणाऱ्याला मी काय उत्तर देणार होतो? तो निबंध वाचलेले एकटे रामलिंग सर, आणि तेही अण्णांच्याच नोकरीत. पिशवीला मी हात लावला नाही.

"छापलेलं काही नाही," मी म्हणालो.

"या दगडाबद्दल तुमच्या नावानं छापलेलं काय आहे?"

"मानपत्र."

मागून कुणीतरी हसलं. तेवढ्यात अण्णा उठले. मला वाटलं, आता फोडून काढतील. पण ते हळू आवाजात बोलायला लागले. "सर," ते म्हणाले, "माझा आजा दुसऱ्याच्या औतामागं चालायचा. बापानं कशीबशी जमीन केली. सोयरीक जुळवताना लोक इचारायचे, तुमचं मूळ काय? आमी खाली बघायचो. अकरा साल झाले, मला सांगायला हाय. रोज सकाळी देवाला हात जोडले की ते मानपत्र वाचतो मी. समदं पाठ हाय. आता तुमी म्हणायलात, न्हाई. मग मी कोण, ते तर सांगा."

एका म्हाताऱ्या माणसाला मी पूर्वज दिले होते आणि ते परत मागताना मला लाज वाटत होती. हा माणूस आमची जमीन घ्यायला निघाला होता, तरी वाटत होती.

अण्णांनी टोपी काढली, तोंड पुसलं, टोपी पुन्हा घातली. हळूहळू त्यांचा चेहरा नेहमीसारखा गोड झाला. "असू द्या," ते सभेला म्हणाले. "मायसाठी बोलले सर. मायसाठी माणूस बोलतो, त्यात वंगाळ काय? मला राग न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. माझं खरं तिथंच संपलं. आईच्या मायेपोटी पोरानं मारलेली थाप म्हणून ते गावानं समजून घेतलं, आणि मला माफही केलं.

मॅडमनी इतिवृत्त वाचून दाखवलं. तज्ज्ञांनी दोन परस्परविरोधी मते दिली असून त्यांचे हितसंबंध गुंतलेले असल्याने तोंडी मत विचारात घेता येत नाही. छापील पुरावा म्हणून गौरवग्रंथातील मजकूर प्रस्तावासोबत जोडण्यात येत आहे. निर्णय होईपर्यंत सदर गायरानात कुणीही पेरणी करू नये.

माय भिंतीपासून पुढं आली. "बाई, माझ्या पोरानं खोटं लिव्हलं तवा समद्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी कागद मागितला न्हाई."

मॅडमनी मान वर केली नाही. "आजी, मला कागदच वर पाठवता येतो," त्या म्हणाल्या, आणि सहीसाठी वही माझ्याकडे सरकवली. इतिवृत्तात चुकीचा एक शब्द नव्हता. मी सही केली.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी कॉलेजातून काढून टाकतील. तसं झालं असतं तर एका परीनं सुटलो असतो. अण्णांनी आठवड्याभरानं केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "सर, अमोघवर्ष म्हातारपणी राज्य सोडायचा म्हणतात, ते सांगा." मी सांगितलं. जुलैत माझं अप्रूव्हल आलं. अकरा वर्षांनी मी कायम झालो. रामलिंग सरांनी पेढे वाटले. घराण्याचा इतिहास लिहायला हक्काचा माणूस पाहिजे, असं अण्णा सगळ्यांना सांगत होते.

पेढ्यांचा पुडा घेऊन मी गावी गेलो. गायरान पडीक होतं, तणानं हिरवं झालं होतं. वरचा निर्णय अजून यायचा होता, तरी तारेचं कुंपण आलं होतं आणि वारसा भवनाची पाटीही. व्यंकटी काका रस्त्यात भेटले, जय भीम घेतला आणि पुढं गेले. माय रामा सावळ्याच्या सोयाबीनमध्ये रोजानं खुरपत होती. चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या रानात ती पहिल्यांदा गेली होती.

मी बांधावर उभा राहून हाक मारली. ती आली, पेढा घेतला, अर्धा तोडून तोंडात टाकला.

"पक्कं झालं म्हण की," ती म्हणाली.

"पक्कं."

"आता कुणी काढू शकत न्हाई?"

"तसं सहजासहजी नाही."

तिनं हाताची माती लुगड्याला पुसली. "मग आता ते छाप. धोंड्यावरचं. कागद पायजे म्हणली ना ती बाई. उशिरा का होईना, कागद होईल."

मी आधीच ठरवलं असतं तर कदाचित दुसरं काही बोललो असतो. पण उत्तर जिभेवर तयारच होतं. अकरा वर्षांत ते तिथं इतकं मुरलं होतं, की मला विचारायलाही थांबलं नाही.

"दोन वर्षं प्रोबेशन असतं, माय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. उरलेला अर्धा पेढा पुड्यात परत ठेवला, पुडा माझ्या हातात दिला, आणि आपली पात धरून पुन्हा खुरपायला बसली.